मशीनच्या पोटातले कागद

खरा शिक्का कधी सरळ उमटत नाही, असं झेरॉक्समावशींचं ठाम मत होतं आणि त्यामागे सव्वीस वर्षांचा अभ्यास होता. कचेरीतल्या कारकुनाला दिवसाला तीनशे शिक्के मारायचे असतात. त्याचा एक डोळा घड्याळावर असतो, दुसरा डब्यावर. असा माणूस शिक्का मारणार तो तिरकाच मारणार. एखादं अक्षर फिकं, एखादा कोपरा कोरडा, आणि जेवणाच्या सुट्टीनंतरचा असेल तर चक्क उलटा. "सरळ शिक्का मारायला वेळ कुणाकडे असतो?" असं मावशी विचारायच्या आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत उत्तर देऊन मोकळ्या व्हायच्या. "खोटं काम करणाऱ्याकडे."

सह्यांबद्दलही त्यांचं शास्त्र तयार होतं. माणूस जितका मोठा तितकी सही छोटी. शिपाई सही करतो ती वडिलांच्या नावासकट, खाली रेघ मारून. हेडक्लार्क आडनावावर भागवतो. आणि वरच्या मजल्यावरच्या मोठ्या साहेबांची सही म्हणजे शाईत पाय बुडालेली मुंगी कागदावरून घाईघाईने निघून गेल्यासारखी. मोठ्या साहेबांची सही वाचता आली तर मावशी प्रत काढून द्यायच्याच, पण गिऱ्हाइकाकडे अशा बघायच्या की तो बिचारा स्वतःच्याच जन्मदाखल्याबद्दल शंका घेऊ लागे.

दुकान कचेरीच्या फाटकासमोर, एका तीनमजली इमारतीच्या जिन्याखाली होतं. छत उतरतं. आत जावं तसतसं वाकावं लागे, त्यामुळे मावशींसमोर येणारा प्रत्येक माणूस, वकील असो नाहीतर फौजदार, थोडा नमूनच उभा राही. आत दोन मशीनं होती. जुनं बंद पडून कागदाचे गठ्ठे ठेवायच्या कामी आलं होतं. दुसरं नवं, म्हणजे मावशींना नवं. परदेशातल्या कुठल्याशा ऑफिसात आठ वर्षं राबून, बोटीत बसून ते इकडे आलं होतं आणि दोन वर्षांपूर्वी मावशींनी घेतलं होतं. "त्यांनी टाकलं म्हणजे त्यात काहीतरी खोट असणारच," असं त्या घेतानाच म्हणाल्या होत्या. दोन वर्षांत खोट सापडली नव्हती. त्यामुळे संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता.

एवढ्या संशयी बाईकडे सगळी कचेरी डोळे झाकून कागद का देत होती, याचं कारण तिच्या कामाच्या पद्धतीत होतं. कागद हातात आला की मावशी तो पालथा करूनच काचेवर ठेवायच्या. नजर फक्त शिक्क्यावर. "मजकूर गिऱ्हाइकाचा, शिक्का सरकारचा. मी सरकारवर लक्ष ठेवते," असं त्या म्हणत. मजकूर त्यांनी कधी वाचला नाही. एखादी प्रत काळी आली, तिरकी आली, तर ती टोपलीत जायची नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तिचे चार तुकडे व्हायचे आणि ते तुकडे त्याच्याच हातात दिले जायचे. घटस्फोटाचे अर्ज, रक्ताचे रिपोर्ट, भावाभावांच्या वाटण्या, सगळं मावशींकडे यायचं. फाटकाला लागून आणखी एक झेरॉक्सवाला होता, त्याचं दुकान मोठं, पंखा गार. पण तो प्रत काढताना कागद वाचायचा आणि वर "अरेरे" म्हणायचा.

मावशींचे यजमान टायपिस्टकाका. ते फाटकाच्या आत, पायरीशेजारी टाईपरायटर मांडून बसायचे. आता दिवसाला दोन अर्ज मिळाले तरी खूप. मधल्या वेळात त्यांची बोटं स्वतःच्या गुडघ्यावर टाईप करत राहायची. नवरा-बायकोचा स्वभाव असा की दोघांचं मिळून एक शहाणं माणूस झालं असतं. मावशींचा कशावरच विश्वास नव्हता आणि काकांचा छापलेल्या सगळ्यावर होता. "छापलंय म्हणजे काहीतरी असेलच ना, अगं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दुकानाबाहेरच्या बाकावर दहाच्या ठोक्याला भूगोलसर यायचे. चाळीस वर्षं शाळेत नकाशे लटकवून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा परदेशात होता आणि "तो तर रोज म्हणतो, बाबा इकडे या," हे ते आठवड्यातून तीनदा तरी सांगत. परराष्ट्र खातं त्यांच्याकडे असे.

"बाई, बोलणी यशस्वी झाली," सर पेपर झटकत म्हणत. "दोन्ही देश समाधानी आहेत."

"कुणी सांगितलं?"

"दोघांनीही."

"मग फिसकटलीच. एकानेच सांगितलं असतं तर विचार केला असता."

"अहो, हात मिळवतानाचा फोटो आहे."

"दुसरा हात कुठे आहे ते बघा."

सर खरंच चष्मा वर करून बघत. "खिशात आहे."

"स्वतःच्या ना?"

उद्योगधंद्यांवरही मावशींचा डोळा होता. बिस्किटाचा पुडा होता तेवढाच राहिला, पण आतली बिस्किटं दोनने कमी झाली, हे घरात सगळ्यात आधी त्यांनी पकडलं. "कंपनी दरवर्षी हवा वाढवते. उद्या नुसता पुडा विकतील आणि वर लिहितील, आता आणखी हलका." सरकारबद्दल बोलायचं तर, एक खिडकी योजना आल्यापासून समोरच्या कचेरीत सातच्या आठ खिडक्या झाल्या होत्या, आणि ही आठवी कुठे आहे हे विचारायला पहिल्या खिडकीवर रांग लावावी लागे.

अशा बाईच्या घरात एके दिवशी परदेशातून पत्र आलं.

मुलगी नर्स होती. सहा वर्षं एका खासगी हॉस्पिटलात. पाळी संपवून यायची आणि बाहेरच्या खोलीत फ्रीज आणि दरवाजा यांच्या मधल्या घडीच्या खाटेवर झोपायची. फ्रीज सुरू झाला की तिला जाग यायची, दरवाजा वाजला की उठून बसायची. बाजारातल्या बँकेच्या वर एक ऑफिस होतं, तिथल्या माणसाला सगळे व्हिसावाला म्हणत. त्याच्यामार्फत तिने अर्ज केला होता. तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी पक्की झाल्याचं ते पत्र. तिने ते जेवताना वाचून दाखवलं. पगाराचा आकडा तिने एकदा वाचला. पण पुढची ओळ दोनदा वाचली: राहण्यासाठी वसतिगृहात स्वतंत्र खोली, क्रमांक दोनशे चौदा, एका व्यक्तीसाठी, खिडकी बागेकडे.

मावशींनी हात पुसले आणि पत्र मागून घेतलं. पुढून बघितलं, पाठीमागून बघितलं.

"शिक्का कुठाय?"

"हल्ली शिक्के नसतात, आई."

"सही?"

"खाली लिहिलंय बघ. पत्र संगणकाने तयार केलंय, सहीची गरज नाही."

"सहीची गरज नाही," मावशी सावकाश म्हणाल्या. "म्हणजे उद्या काही झालं तर कुणाची मानगूट धरायची, त्या संगणकाची?"

"लेटरहेड छापील आहे, अगं," काका म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला औषधाच्या बाटलीवरचं लेबलही खरं वाटतं." मग मुलीकडे वळून, "आता पुढे काय?"

पुढे असं होतं की पत्र आधी आलेलं असो वा आता, सगळ्याच मुलींनी शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत सगळी मूळ प्रमाणपत्रं व्हिसावाल्याकडे जमा करायची होती. दहावीपासून नर्सिंगच्या नोंदणीपर्यंत. प्रती चालणार नव्हत्या. कागद तिकडे पोचले की महिन्याभरात तिकीट.

मावशींच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. प्रमाणपत्रं गेली की मुलगी गेली. तिकडेही नाही आणि इकडेही नाही. मूळ कागद दुसऱ्याच्या कपाटात असलेला माणूस त्या कपाटवाल्याचाच नोकर होतो, हे त्यांनी कचेरीच्या दारात बसून पुष्कळ वेळा पाहिलं होतं. त्यांनी हे सगळं सांगितलं. मुलगी ऐकून घेत होती, पण एकीकडे भात कालवत होती.

"आई, कॉलेजच्या प्रवेशपत्रावर तुझा संशय होता. खरं निघालं. गॅसच्या टाकीवर संशय होता, वजन करून आणलीस, बरोबर निघाली. माझ्या जन्मदाखल्यावरही तू संशय घेतला होतास."

"त्यावर शिक्का सरळ होता."

"जन्म तूच दिला होतास ना मला?"

काकांना ठसका लागला. मुलीला मात्र हसू आलं नाही. "तुझा संशय म्हणजे घरातलं घड्याळ आहे. सारखं टिकटिकतं, म्हणून कुणाला ऐकू येत नाही. एक पुरावा दे, मी जात नाही. नाहीतर शुक्रवारी मी कागद देणार."

ही गोष्ट सोमवारची. मंगळवारी मावशींनी व्हिसावाल्याचं ऑफिस खालून वर दोनदा बघितलं. आत काचेचं दार, कुंडीत खरं झाड, आणि तो माणूस इतका नम्र की त्याने त्यांना "मॅडम" म्हणून खुर्ची दिली. प्रश्न विचारला की तो हसायचा आणि एक रंगीत माहितीपत्रक द्यायचा. तीन माहितीपत्रकं घेऊन त्या परतल्या. संशय पोटात होता, पुरावा मात्र नव्हता.

बुधवारी मशीन अडकलं. मेकॅनिक आला, त्याने झाकण उघडून कागदाचा चुरा काढला, आणि मग पडद्यावर काहीतरी दाबत दाबत थांबला.

"मावशी, हे तुम्ही साठवायला लावलंय?"

"काय साठवायला?"

"प्रती. हे प्रत्येक प्रतीचं चित्र आत ठेवतंय."

मावशींना वाटलं चेष्टा करतोय. त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. छोटी छोटी चित्रं, एकेका रांगेत सहा, आणि खाली तारखा. त्याने बोट ओढलं तशा रांगा वर सरकत गेल्या, काल, परवा, मागचा महिना, मागचं वर्ष. अगदी तळाशी भलत्याच अक्षरांचे कागद होते. मेकॅनिकने त्यातला एक मोठा केला.

"हे तिकडच्या ऑफिसचं. त्यांनीच ही सोय चालू करून ठेवली होती, आणि विकताना बंद करायची राहिली. हा बघा, कुणा बाईचा रजेचा अर्ज आहे. पोटदुखी म्हणून तीन दिवस."

दुसरा कुठला दिवस असता तर मावशींनी परदेशी पोटदुखीवर अर्धा तास घेतला असता. आता त्या नुसत्या स्टुलावर बसल्या. दोन वर्षं त्यांनी लोकांच्या डोळ्यांदेखत चार चार तुकडे केले होते, आणि त्याच वेळी हातभर अंतरावर हे मशीन एकेक कागद गिळून गप्प बसलं होतं. आठ वर्षं तिकडच्या लोकांचे कागद गिळले, दोन वर्षं इकडच्या. खोट सापडली होती. सापडल्याचा आनंद काही झाला नाही.

"पुसून टाकू सगळं?" मेकॅनिकने विचारलं. "दोन मिनिटांचं काम."

"टाक," मावशी म्हणाल्या. मेकॅनिकने बोट उचललं. "थांब," त्या म्हणाल्या. "आज नको. पुढचं साठवणं बंद कर. आधीचं शुक्रवारी संध्याकाळी पूस."

"आता त्याचं काय करायचंय?"

"तू चहा घे," मावशी म्हणाल्या.

गुरुवारी दुपारी कचेरी जेवायला उठली तेव्हा मावशींनी शटर अर्धं खाली ओढलं. हे त्यांनी याआधी फक्त आजारपणात केलं होतं. आपण काय करतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना आठवत होतं की गेल्या चार-पाच महिन्यांत हॉस्पिटलातल्या बऱ्याच मुली कसल्याशा पत्राच्या दोन दोन प्रती काढायला आल्या होत्या, पोलिसांच्या दाखल्यासाठी म्हणून. पत्र कसलं होतं हे आठवत नव्हतं, कारण त्या कागदांवर शिक्का नव्हता आणि बिनशिक्क्याच्या कागदावरून मावशींची नजर भिंतीवरून घसरावी तशी घसरायची. नेमका तोच कागद बघायचा राहिला होता.

आता मात्र तीच सवय कामी आली. पडद्यावरच्या त्या चिमुकल्या चित्रांमध्ये प्रत्येक कागदावर कुठेतरी एक डाग होता, गोल, चौकोनी, तिरका. डाग नसलेला कागद लांबून कळायचा. मावशी शिक्के सोडत सोडत पुढे जाऊ लागल्या.

एकदा बोट चुकलं आणि भलताच कागद मोठा झाला. वृद्धाश्रमाच्या प्रवेशाचा अर्ज होता. अर्जदाराचं नाव ओळखीचं, अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं सुबक. जवळचा नातेवाईक या रकान्यात आडवी रेघ मारली होती. मावशींनी घाईने तो बंद केला, पण वाचलेलं काही परत न वाचलेलं करता येत नाही. सर बाहेर बाकावर डबा खात बसले होते. शटरच्या खालून त्यांच्या चपला दिसत होत्या.

त्या उठल्या, पाणी प्यायल्या आणि परत बसल्या.

पहिलं पत्र मार्चमधलं निघालं. त्याच हॉस्पिटलचं, तेच लेटरहेड. नाव एका मुलीचं. राहण्यासाठी स्वतंत्र खोली, क्रमांक दोनशे चौदा, एका व्यक्तीसाठी. दुसरं पत्र एप्रिलमधलं. खोली दोनशे चौदा. तिसरं, चौथं, पाचवं. तिकडच्या हॉस्पिटलला बहुतेक एकच खोली होती. मावशींनी कागदावर रेघा मारल्या आणि शेवटी मोजल्या. आपल्या मुलीची धरून अकरा. अकरा जणी, प्रत्येक जण एकटी, सगळ्या दोनशे चौदामध्ये, सगळ्यांची खिडकी बागेकडे.

चार वाजता मुलगी पाळी संपवून परस्पर दुकानात आली. मावशींनी पडदा तिच्याकडे वळवला आणि एकेक पत्र मोठं करत गेल्या. पाचव्यानंतर मुलगी म्हणाली, "पुरे." तिने ओढणीने चेहरा पुसला. खाटेचा, फ्रीजचा विषय कुणी काढला नाही.

"तू हे सगळं कधीपासून साठवतेयस?" तिने विचारलं.

"मी नाही. मशीन."

"मशीन कुणाचं आहे?"

मावशींनी पडदा परत स्वतःकडे वळवला.

"आमच्या वॉर्डात कुणी पेशंटचे कागद असे उघडून बघितले ना, तर तिला घरी पाठवतात."

"मग पाठव मला घरी. पण तू उद्या तिकडे कागद द्यायचे नाहीत."

"मी नाही देणार. आणि या दहा जणी?"

"त्यांना तू सांग. तुमच्या ओळखीच्याच असतील."

"काय सांगू? आईला संशय आहे म्हणून? तो तर मीच ऐकला नाही." मुलगी उभी राहिली, जिन्याच्या पायरीवर डोकं आपटलं, तिला त्याची सवय होती. "कशावरून कळलं हे सांगावं लागेल. आणि ते तूच सांगायचंस. तुझं मशीन आहे."

घरी काकांनी सगळं ऐकलं आणि पहिल्यांदाच छापलेल्याच्या बाजूने एक शब्द बोलले नाहीत. पण त्यांची चिंता वेगळी होती. "तुझं दुकान चालतं ते तू वाचत नाहीस म्हणून. हे बाहेर गेलं तर समोरचा एकही वकील पुन्हा पायरी चढणार नाही."

"माहीत आहे."

"दुसरं काही कारण सांगता येणार नाही?"

"सांगता येईल. पण मग माझ्यावर विश्वास ठेवावा लागेल त्यांना, आणि मी त्यांच्या जागी असते तर ठेवला नसता."

शुक्रवारी सकाळी साडेदहाला पहिली मुलगी आली. मूळ कागद देण्याआधी एक एक प्रत घरी ठेवायची, एवढी अक्कल सगळ्यांकडे असतेच, आणि प्रत काढायला सगळ्या मावशींकडेच येणार हे ठरलेलं होतं. मुलीबरोबर तिचा बाप होता, बसचा ड्रायव्हर, अजून गणवेशात. त्याच्यामागे वकिलाचा कारकून फाईल घेऊन उभा, त्याच्यामागे आणखी दोघं. बाकावर सर.

मुलीने फाईल पुढे केली. मावशींनी ती घेतली नाही.

"तुझ्या पत्रात खोली कितवी आहे?"

मुलगी गोंधळली. ड्रायव्हर पुढे झाला. "तुम्हाला काय करायचंय, मावशी? प्रती काढा, आम्हाला पुढे जायचंय."

मग मावशींनी सांगितलं. मशीनचं सांगितलं, ते परदेशातून काय घेऊन आलं ते सांगितलं, दोन वर्षं आपल्याला कळलं नाही ते सांगितलं. आवाज त्यांनी मुद्दाम खाली आणला नाही. मागचे ऐकत होते आणि त्यांनी ऐकावं असंच त्यांना वाटत होतं, कारण चोरून सांगितलं तर त्यातही काही तरी आहे असं कुणालाही वाटलं असतं.

"म्हणजे तुम्ही आमचे कागद वाचता," ड्रायव्हर म्हणाला.

"दोन वर्षं नाही वाचले. काल वाचले."

"सगळ्यांचे?"

"बिनशिक्क्याचे. आणि चुकून एक दुसरा." हे म्हणताना त्यांनी बाकाकडे बघितलं नाही. सर पेपरमध्ये होते. पान मात्र बराच वेळ उलटलं नव्हतं.

वकिलाचा कारकून फाईल काखेत मारून एक पाऊल मागे सरकला.

ड्रायव्हर हुशार माणूस होता. त्याने डोळे बारीक केले. "तुमचीही मुलगी नर्स आहे ना? तिलाही तिथलंच पत्र आहे म्हणतात. मग आमची मागे राहिली तर फायदा कुणाचा?"

हा प्रश्न त्याच्या जागी उभं राहून मावशींनीच विचारला असता, अगदी याच शब्दांत. त्यांना राग आला नाही. त्यांनी गल्ल्याखालून आपल्या मुलीचं पत्र काढलं, मूळ, आणि काचेवर उताणं ठेवलं. पहिल्यांदाच त्या काचेवर कागद उताणा होता. "हे आमचं. तुमचं बाहेर काढा."

मुलीने फाईलमधून पत्र काढून त्याच्या शेजारी ठेवलं. ड्रायव्हरने दोन्हींवरून बोट फिरवलं, ओळीवर ओळ. खोलीच्या आकड्यापाशी बोट थांबलं, दुसऱ्या कागदावर गेलं, परत आलं. मुलगी त्याच्या खांद्यावरून बघत होती.

"बागेकडेच आहे का हो तुमचीही खिडकी?" तिने हळूच विचारलं.

"अकराही जणींच्या," मावशी म्हणाल्या.

मुलीने पत्र उचललं, घडी केली, परत उघडलं. बापाने तिच्या हातातून प्रमाणपत्रांची फाईल घेतली आणि स्वतःच्या शर्टाच्या आत, पोटाशी धरली.

"आमचं ते चित्र अजून आत आहे?" त्याने मशीनकडे हनुवटी केली.

"आहे. दहाही जणी बघून जाईपर्यंत ठेवते. मग सगळं पुसायचंय. माणूस संध्याकाळी यायचाय."

"आणि पुसलंत हे कशावरून?"

मावशींनी मशीनकडे बघितलं. सव्वीस वर्षं हा प्रश्न त्याच दुसऱ्यांना विचारत आल्या होत्या.

"कशावरूनच नाही," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हरने घड्याळ बघितलं, मुलीला घरी जायला सांगितलं, आणि सरांना जरा सरकायला लावून बाकावर बसला, मशीन सरळ नजरेसमोर येईल असा. "मी आहे इथे. तो येईपर्यंत."

तोवर वकिलाचा कारकून रस्ता ओलांडून फाटकाशेजारच्या गार पंख्याकडे निघाला होता. त्याच्यामागच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तेही गेले. मावशींनी त्यांना हाक मारून सांगितलं की त्या दुकानातलं मशीनही असंच वापरून आलेलं आहे, विचारून बघा. कुणी मागे वळलं नाही.

सव्वाअकराला दुसरी मुलगी आली, एकटीच, हातात प्लास्टिकची पिशवी, धावत आल्यामुळे धापा टाकत. मावशी स्टुलावरून उठायच्या आत बाकावरून ड्रायव्हर म्हणाला, "ए पोरी, आधी पत्र काढ तुझं. खोली कितवी दिलीय बघ." मुलीने त्याच्याकडे बघितलं, मग मावशींकडे, आणि पिशवी छातीशी घट्ट धरली. दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवावा हे तिला कळत नव्हतं. मावशींनी दोन्ही हात काचेवरून बाजूला घेतले आणि तिला दिसतील असे मांडीवर ठेवले.

"कुणावर ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "वाच तू स्वतःच."